न आलेला झटका आणि देऊन टाकलेली गाडी

मेहुणेबुवा यांस,

सप्रेम नमस्कार. यापुढे विनंती विशेष लिहायचा रिवाज आहे, पण माझी विनंती काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो. हे पत्र निव्वळ खुशालीचं आहे. तुमची तब्येत कशी आहे? वहिनींच्या गुडघ्याला उतार पडला का? मुलं काय म्हणतात? आणि गाडी कशी आहे? (ओघात आलं म्हणून विचारलं.) सकाळी सुरू होताना ती थोडी खोकते, त्याला घाबरू नका. तो आजार नाही, वय आहे. उगाच गॅरेजवाल्याकडे नेलीत तर तो बॉनेट उघडून तोंड पाडेल आणि नसलेला बिघाड काढून दाखवेल. जरा खोकला झाला म्हणून तडकाफडकी कुणाच्या हवाली केलं की काय होतं, ते मी स्वतः भोगलंय. तेच सविस्तर कळवावं म्हणून लिहायला बसलो. त्या दिवशी फोनवर तुम्हाला एवढंच कळलं की मी चाललो आणि गाडी तुमची झाली. मी गेलो नाही, हे तुम्हाला नंतर कळलं. गाडीचं पुढे काय, यावर मात्र आपण दोघंही अजून चकार शब्द बोललेलो नाही. असो. मी त्यासाठी लिहीत नाही.

तर झालं असं की, मला आठवडाभर सर्दी होती. साधी सर्दी, अंगात थोडी कसकस. तुमच्या ताईसाहेब रोज सांगत होत्या की चार दिवस ड्रायव्हिंग स्कूल बंद ठेवा आणि पडून राहा. पण समोरच्या फुटपाथवर दुसरं स्कूल उघडल्यापासून मी एक दिवसही पाटी उलटी केलेली नाही. त्याच्याकडे नवी कोरी पांढरी गाडी आहे, वातानुकूलित. (शिकणाऱ्याला घाम फुटला नाही तर तो शिकणार कसा, हे मला कळत नाही.) त्या सकाळी माझ्याकडे दातांचे डॉक्टर होते. हे गृहस्थ लोकांच्या जबड्यात बिनदिक्कत हात घालतात, पण तिसरा गिअर टाकायचा म्हटलं की त्यांच्या हाताला कापरं भरतं. दुसऱ्या गिअरवर त्यांचा फार जीव. मागच्या सीटवर तुमची ताई बसली होती, तिला शिंप्याकडे ब्लाऊज टाकायचा होता. शिकवणीच्या गाडीतून ती अशी बसून जाते, तेवढाच रिक्षाचा त्रास वाचतो. चौकात वळताना माझ्या छातीत मधोमध कळ आली. तिथून ती डाव्या खांद्यापर्यंत गेली, आणि श्वास आत ओढला की सुरी फिरावी तशी फिरायला लागली. मी डॉक्टरांना म्हटलं, गाडी डावीकडे घ्या. त्यांनी उजवीकडे घेतली.

आता दवाखान्यात जायचं कसं, यावर भर रस्त्यात आमची सभा भरली. मी म्हणत होतो, मीच चालवतो. डॉक्टर म्हणत होते, अॅम्ब्युलन्स बोलवू. (तुम्ही डॉक्टर आहात ना, मग यांना बघा, असं तुमच्या ताईने त्यांना सांगितलं. बिचारे म्हणाले, आ करा.) शेवटी ताईने दोघांनाही गप्प केलं आणि डॉक्टरांना हुकूम सोडला की जसे आहात तसे निघा. ते निघाले. पण मेहुणेबुवा, तुम्हाला माहीतच आहे, माझ्या बाजूला, माझ्या पायाखाली, दुसरा ब्रेक आहे. आयुष्य त्याच्यावर गेलंय माझं. समोर काही दिसलं की माझा पाय विचारून दाबत नाही. डॉक्टरांनी मनाचा हिय्या करून तिसरा गिअर टाकला की माझा पाय खाली. पुढे सायकल दिसली, पाय खाली. कुत्रं नुसतं फुटपाथवर उभं होतं, तरी पाय खाली. छातीतली कळ वेगळीच आणि गाडीचे गचके वेगळेच. मागून तुमची ताई पाय वर घ्या, पाय वर घ्या, म्हणून माझा खांदा हलवत होती, पण पाय ऐकेल तर ना. शेवटी तिने मला पुढच्या सीटवर मांडी घालून बसायला लावलं. मी, ड्रायव्हिंग स्कूलचा मालक, माझ्याच गाडीत, सगळ्या गावादेखत, मांडी घालून, डॅशबोर्डवर ओणवा होऊन चाललो होतो. आणि गंमत बघा, तसं ओणवं झालं की कळ कमी व्हायची. इतकी वर्षं मी पोरांना घसा फोडून सांगत आलो की स्टिअरिंगवर पडू नका, पाठ टेकून बसा. आणि माझंच शरीर मला उलटं शिकवत होतं.

दवाखान्यात मला आधी ट्रॉलीवर आडवं केलं. आडवा झालो की कळ अशी उठायची की मी उठून बसायचो. मी बसलो की नर्स मला पुन्हा आडवं करायची. (ट्रॉली ढकलणाऱ्याने दोन्ही वळणं न बघता घेतली. मी तशाही अवस्थेत त्याला सांगितलं की वळायच्या आधी मान वळवावी. तो म्हणाला, काका, बोलू नका.) मग छातीवर चकत्या चिकटवल्या, हातापायांना चिमटे लावले आणि मशीनमधून चौकटींचा कागद सरसर बाहेर आला. ड्युटीवरचा डॉक्टर कोवळा होता, दाढीसुद्धा अजून शिकाऊ. त्याने तो कागद पाहिला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्याने मला समजावलं की हृदयाच्या प्रत्येक ठोक्याची एक रेघ उमटते. ठोका झाल्यावर ती खाली सपाटीला यायला हवी. तुमची येत नाही, वरच राहते. रेघ अशी उचलली गेली म्हणजे हार्ट अटॅक. म्हटलं, मशीनची काही चूक? तर म्हणाला, पुन्हा काढून पाहिला, तेच. मग त्याने सांगितलं की हृदयाच्या नळीत रक्ताची गुठळी अडकली असणार, ती विरघळवायचं इंजेक्शन लगेच द्यावं लागेल. एक मात्र आहे म्हणाला, त्याने कुठेही रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित मेंदूतसुद्धा, तेव्हा इथे सही करा. तुमची ताई मध्येच म्हणाली की यांना आठवडाभर सर्दी आहे आणि पुढे वाकलं की यांना बरं वाटतं. त्याने फार अदबीने सांगितलं, काकू, तुम्ही बाहेर बसा. तिने तेच नर्सला सांगितलं. नर्स म्हणाली, सगळ्यांचे नातेवाईक काही ना काही सांगतच असतात. मग तिने ते दातांच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी नुसती मान डोलावली, गाडीची किल्ली अजून त्यांच्या मुठीतच होती.

खोटं कशाला सांगू, मेहुणेबुवा, मी टरकलो. मनात म्हटलं, आटोपलं. सही केली, आणि पेन खाली ठेवताना मला आठवली गाडी. मुलगी तिकडे लांब, जावयाला बिनगिअरच्या गाडीची सवय. आणि तुमच्या ताईला चालवता येत नाही. का येत नाही, असं कुणी विचारेल. (तुमच्या लग्नात वहिनींनी विचारलंच होतं, मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.) तर त्यात एक शास्त्र आहे. नवराबायकोने एका गिअरच्या दोन बाजूंना बसू नये. लोकांच्या बायका मी शिकवल्या, सासवा शिकवल्या, एक आजीबाई शिकवल्या, त्या आज माझ्यापेक्षा जोरात चालवतात. पण घरच्या माणसाला शिकवायचं म्हणजे रोज भांडणाला पेट्रोल घालायचं. शिवाय तिला जायचं असतं कुठे, तर शिंप्याकडे. तेवढं मी सोडतोच. तेव्हा विचार केला की आपल्यामागे हिच्या डोक्याला गाडीचा ताप नको. तुम्ही एकदा म्हणाला होतात, दाजी, ही गाडी कधी द्यायची झाली तर मला सांगा. म्हणून बाहेरच्या दुकानातून इंजेक्शन येईपर्यंत तुम्हाला फोन लावला आणि सांगितलं, आज न्या. जाणारा माणूस बोलतो तसा बोललो. आणि तुम्ही काय हो, शेजारच्या गावाहून अॅम्ब्युलन्सलाही जमणार नाही इतक्या लवकर पोहोचलात. माझ्या पायांना हात लावलात, डोळे पुसलेत, दातांच्या डॉक्टरांकडून किल्ली घेतलीत, आणि मला ऐकू आलं, आवारात ती खोकली आणि गेली. तुम्ही चार मिनिटं थांबला असतात, नुसता एक चहा घेतला असतात, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

कारण तेवढ्यात मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. बुटक्या, चष्मा कपाळावर, आल्या होत्या दुसऱ्याच पेशंटसाठी. त्यांनी पाहिलं की नर्स मला खाली दाबतेय आणि मी स्प्रिंगसारखा वर येतोय. त्यांनी विचारलं, हे असे का बसतायत? मी तोंड उघडायच्या आत दाराबाहेरून उत्तर आलं, आडवं झालं की दुखतं, वाकलं की थांबतं, आठवडाभर सर्दी आहे. बाईंनी इंजेक्शन खाली ठेवायला सांगितलं आणि तुमच्या ताईला आत बोलावलं. कागद डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ वाचला. मग मला पुढे वाकवलं, श्वास रोखायला लावला, आणि छातीला नळी लावून ऐकत राहिल्या. म्हणाल्या, घासल्याचा आवाज येतोय. त्यांनी त्या कोवळ्या डॉक्टरला जवळ घेऊन दाखवलं. अटॅकमध्ये एक नळी बंद पडते, त्यामुळे तिच्या वाट्याच्या भागातल्याच रेघा उचलतात आणि समोरच्या भागातल्या बहुधा दबतात. इथे बघ, जवळपास सगळ्याच उचलल्यात. म्हणजे नळी नाही, हृदयावरचं आवरण सुजलंय, सर्दीचा विषाणू तिथवर गेलाय. मग रक्त तपासलं, हृदयाची सोनोग्राफी केली, दुसऱ्या दिवसापर्यंत मशीनखाली ठेवलं, आणि बाईंचंच खरं निघालं. ते इंजेक्शन गेलं असतं तर सुजलेल्या आवरणात रक्त साचलं असतं, असं त्या म्हणाल्या. पोराला मात्र रागावल्या नाहीत. म्हणाल्या, अशी रेघ पाहून घाबरायलाच हवं, अटॅक समजून धावपळ केली ते बरोबरच. पण घाबरलं तरी कागदावरून नजर काढून एकदा पेशंटकडे बघायचं. काही धडधाकट तरुणांची रेघ जन्मापासूनच उचललेली असते, कुणाची जुन्या ब्लडप्रेशरने, कुणाची आणखी कशाने. कागद सगळ्यांचाच ओरडतो.

आता तुम्ही म्हणाल, छान झालं. मीही म्हणालो. पण औषध काय दिलं ठाऊक आहे? सूज उतरवायच्या गोळ्या. त्यातली एक तर वहिनींच्या गुडघ्याची आहे, मी वेष्टन ताडून पाहिलं. सबंध गावात माझ्या अटॅकची बातमी फिरली, भेटायला माणसं रांग लावून आली, आणि मी त्यांना काय सांगायचं, तर गुडघ्याची गोळी चालू आहे. कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणाला, म्हणजे काहीच नव्हतं तर. त्याच्या चेहऱ्यावर अशी निराशा होती की मला अपराध्यासारखं वाटलं. दातांचे डॉक्टर तेवढे मनापासून आनंदले. त्या दिवसापासून त्यांना तिसरा गिअर जमायला लागलाय म्हणे. मला ते समोरच्या स्कूलवाल्याकडून कळलं, कारण डॉक्टर आता त्याच्याकडे जातात. सगळेच जातात. जाणार नाहीत तर काय करतील, माझ्याकडे शिकवायला आहे काय? फळ्यावर गिअर काढून दाखवू?

तेव्हा गेले दोन महिने मी खिडकीत बसून असतो, चौकटीवर कोपर टेकून, ओणवा. समोरच्याची पांढरी गाडी सकाळपासून फेऱ्या मारते आणि मी बघतो. एकेक नमुने आहेत. पण एक बाई आहे बघा त्यांच्यात, तोंडाला स्कार्फ बांधून येते, काळा चष्मा लावते. तिची बात न्यारी. वळायच्या आधी आरसा बघते, मग मान वळवून खांद्यावरून बघते, आणि क्लच असा सोडते की गाडीला कळतसुद्धा नाही. ही मान वळवायची सवय या गावात माझ्याशिवाय कुणी लावत नाही. समोरच्याने कधीतरी माझी शिकवणी चोरून ऐकली असणार. ती बाई माझ्याकडे आली असती तर मी तिला स्कूलची मास्तरीण केली असती, असं मी तुमच्या ताईला परवा बोलून दाखवलं. ती उठून गोळ्या आणायला गेली. (या गोळ्या आणायला तिला हल्ली तासभर लागतो. औषधवाला बहुधा समोर बसून वळून देतो.) मी घरात एकटा, हाताशी काम नाही, पायाखाली ब्रेक नाही. जेवताना टेबलाखाली पाय आपोआप दाबला जातो. हसू नका, खरंच वाईट वाटतं हो. मी मेलो असतो तर गाडी दिल्याचं दुःख झालं नसतं. जिवंत राहून बघणं अवघड जातंय.

असो. तर अशी सगळी खुशाली. बाईंनी येत्या महिन्यापासून मला कामाला परवानगी दिली आहे, जड उचलू नका म्हणाल्या, गाडी उचलायची नसतेच. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. माणसाने दिला शब्द फिरवू नये या मताचा मी आहे, हे तुम्ही जाणताच.

आपला,
दाजी

ता. क. पण शब्द देताना जी परिस्थिती मानली होती ती मुळात नव्हतीच, हेही लक्षात घ्यायला हवं. मी मरणार म्हणून गाडी दिली. मी मेलो नाही. यात माझा दोष नाही, तसा तुमचाही नाही. तेव्हा रविवारी सवडीने गाडी आणून सोडावी. परतीचं बसचं तिकीट मी काढतो.

ता. क. दुसरा. रविवार जमत नसेल तर शनिवार चालेल. मुलं माझ्या ब्रेकवर पाय ठेवून बसत असतील तर त्यांना उठवा.

---

बाळ्या,

हे पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून पाकीट उघडून मीही दोन ओळी घालते.

यांनी लिहिलंय ते सगळं खरं आहे. एकच राहिलं. तुला फोन केला तेव्हा यांचे हात पुन्हा वायरींनी बांधलेले होते. फोन माझा होता, तेवढ्यापुरतं मला आत घेतलं आणि यांच्या कानाला तो मीच धरला होता. गाडी माझ्या देखत तुला दिली, माझ्या डोक्याला ताप नको म्हणून. तेव्हा हे जगावेत एवढंच मला हवं होतं, म्हणून बोलले नाही. पण त्याआधी गाडीत मागच्या सीटवर बसून मी रडत होते रे. नवरा समोर कळवळतोय, हाताच्या अंतरावर स्टिअरिंग आहे, आणि मला ते धरता येत नाही. डॉक्टर दुसऱ्या गिअरमध्ये, आणि हे ब्रेकवर. इतकी वर्षं मी त्या सीटवर बसून यांची शिकवणी ऐकली. आरसा बघा, मान वळवा, क्लच हळू. सगळं पाठ होतं, फक्त हातात कधी काही दिलं नाही कुणी.

गोळ्या कोपऱ्यावर मिळतात, पाच मिनिटांत. बाकीचा वेळ मी समोरच्यांकडे असते. स्कार्फ आहे, म्हणून यांनी ओळखलं नाही. मास्तरीण करीन म्हणाले, त्या रात्री मला झोप लागली नाही. काल लायसन्स हातात पडलं.

तर गाडी आणून सोडू नकोस. रविवारी आम्ही दोघं बसने येतो, जेवायलाच येतो. परत येताना गाडी मी चालवीन, हे शेजारी बसतील. त्यांच्या पायाखालचा ब्रेक तेवढा आधी काढून ठेव.

ताई